राष्ट्रीय उद्यानांतली धूसर हवा आणि कारखान्यांचा धूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतून दूरवरचं स्वच्छ दिसावं म्हणून वीज केंद्रांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर कायद्याने मर्यादा घातली आहे. या विषयावर लिहायला लागल्यापासून तिकडे राहणारे मराठी वाचक, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि चंद्रपूर-नागपूरकडची मंडळी बरेचदा तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. नियमातल्या खाचाखोचाच हव्या असतील तर थेट प्रश्न ९ पासून वाचा.

१. धूसर हवा आणि धुकं यात फरक काय?

धुकं पाण्याच्या थेंबांचं असतं. ऊन चढलं की ते विरतं. धूसरपणा सूक्ष्म कणांमुळे येतो आणि भर दुपारीही तसाच राहतो. सल्फेट, नायट्रेट, सेंद्रिय कण, काजळी आणि बारीक माती हे त्यातले मुख्य घटक. समोरच्या डोंगराकडून निघालेला प्रकाश या कणांवर आपटून वाटेतच विखुरतो. शिवाय आकाशातला इतर प्रकाश मधेच वळून आपल्या डोळ्यांत शिरतो. त्यामुळे डोंगराचे रंग फिके पडतात, कडा पुसट होतात आणि शेवटी डोंगर आकाशात मिसळून जातो. साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचे कण यात सगळ्यात जास्त नुकसान करतात, आणि धुराड्यातून निघालेल्या वायूंपासून बनणारे कण नेमके याच मापाचे असतात.

२. कारखाना दोन-तीनशे किलोमीटर लांब असताना उद्यानातली हवा कशी बिघडते?

धुराड्यातून निघताना सल्फर डायऑक्साइड हा वायू असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर जाताना काही तासांत, काही दिवसांत त्याचे सल्फेटचे कण होतात. ढग किंवा ओलसर हवा मिळाली तर हे फारच वेगाने घडतं. म्हणजे धुराड्याजवळ उभं राहिलं तर आकाश निळं दिसू शकतं आणि त्याच धुराने शेकडो किलोमीटरवरची दरी पांढुरकी होऊ शकते. नायट्रोजन ऑक्साइड्सपासून असेच नायट्रेटचे कण बनतात, विशेषतः थंडीत. उंच धुराड्यामुळे शेजारच्या गावाचा त्रास कमी होतो, पण हवेत जाणारा माल तेवढाच राहतो. फक्त तो लांब जाऊन पडतो.

३. नुसतं 'छान दिसावं' म्हणून कायदा? हे जरा चैनीचं नाही का?

मला तसं वाटत नाही. ग्रँड कॅन्यनला माणूस जातो तो पलीकडचा कडा बघायला. तो दिसलाच नाही तर त्या जागेचं रक्षण केलं म्हणजे काय केलं? अमेरिकी काँग्रेसने १९७७ साली स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती करताना हेच मान्य केलं. मानवनिर्मित प्रदूषणामुळे मोठ्या उद्यानांची आणि वन्य प्रदेशांची दृश्यमानता जिथे घटली आहे तिथे ती पूर्ववत करायची आणि पुढे घटू द्यायची नाही, असं राष्ट्रीय उद्दिष्ट त्यात आहे. शिवाय दृश्य बिघडवणारे कण आणि फुप्फुसात खोल जाणारे कण वेगळे नाहीत. दृश्यासाठी केलेल्या कपातीचा फायदा वाटेतल्या गावांना आपोआप मिळतो.

४. कोणकोणत्या जागांना हे संरक्षण आहे?

एकूण १५६ जागांना. त्यांना 'वर्ग एक' क्षेत्रं म्हणतात. ७ ऑगस्ट १९७७ रोजी अस्तित्वात असलेली, ६ हजार एकरांहून मोठी राष्ट्रीय उद्यानं आणि ५ हजार एकरांहून मोठे वन्य प्रदेश त्यात येतात. ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोन, शेनांडोआ, ग्रेट स्मोकी माउंटन्स ही त्यातली ओळखीची नावं. एक जागा तर चक्क कॅनडाच्या हद्दीत आहे: न्यू ब्रन्सविकमधलं रूझवेल्ट कँपोबेलो आंतरराष्ट्रीय उद्यान. तारखेच्या अटीमुळे कोण बाहेर राहिलं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. दृश्यमानता मोजतात कशी? डोळ्यांनी बघून?

पूर्वी डोळ्यांनी आणि कॅमेऱ्यानेही मोजत. आता मुख्य भर कण पकडून तोलण्यावर आहे. १९८८ पासून 'इम्प्रूव्ह' नावाचं मोजणीचं जाळं चालू आहे. सुमारे ११० ठिकाणी, दर तिसऱ्या दिवशी, सलग २४ तास हवा फिल्टरांमधून ओढली जाते. एका ठिकाणी चार फिल्टर असतात. टेफ्लॉनच्या फिल्टरवरून बारीक कणांचं वजन आणि त्यातली मूलद्रव्यं कळतात, नायलॉनच्या फिल्टरवर नायट्रेट टिकून राहतं, क्वार्ट्झच्या फिल्टरवरून कार्बन मोजतात आणि चौथा फिल्टर जाडसर धुळीसाठी असतो. टेफ्लॉनचा फिल्टर जेमतेम २५ मिलिमीटर व्यासाचा, बोटाच्या पेरावर मावेल एवढा. स्वच्छ दिवशी तो जवळपास पांढराच परत येतो. वणव्याच्या दिवशी त्यावर काळपट-तपकिरी गोल उमटलेला असतो.

या मोजणीची खरी किंमत अशी की 'हवा खराब आहे' एवढ्यावर ती थांबत नाही. कुठल्या घटकामुळे किती दृश्य गेलं, ते घटकवार सांगता येतं. सल्फेट जास्त निघालं तर बोट कोळशाकडे आणि तेलाकडे जातं, माती जास्त असेल तर वाळवंटाकडे किंवा उघड्या जमिनीकडे. कोणावर बंधन घालायचं याचा युक्तिवाद याच आकड्यांवर उभा राहतो.

६. डेसिव्ह्यू हे काय एकक आहे?

धूसरपणा मोजायची पट्टी. शून्य डेसिव्ह्यू म्हणजे कण जवळजवळ नसलेली हवा. तिच्यातून साधारण ३९० किलोमीटरपर्यंत दिसू शकतं. १० डेसिव्ह्यूला हे अंतर १४५ किलोमीटरच्या आसपास येतं, २० ला ५३ आणि ३० ला २० किलोमीटरच्याही थोडं खाली. एका डेसिव्ह्यूचा फरक साध्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, अशा बेताने ही पट्टी आखली आहे.

७. हवा आरोग्याच्या निकषात बसते, तरी दूरचं दिसत नाही. असं कसं?

स्वच्छ हवेत पहिले काही मायक्रोग्रॅमच सगळ्यात जास्त दृश्य खातात, म्हणून. हिशेब करून बघू. एका घनमीटर हवेत फक्त ३ मायक्रोग्रॅम अमोनियम सल्फेट आहे असं धरा. हवा कोरडी असेल तर ३९० किलोमीटरची नजर सुमारे २०५ किलोमीटरवर येते. आता आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास न्या. सल्फेट पाणी शोषून फुगतं, प्रकाश तिप्पट विखुरतं आणि नजर १०५ किलोमीटरवर येते. आणि हे केवळ ३ मायक्रोग्रॅममध्ये! भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. मुळातच गढूळ हवेत आणखी ३ मायक्रोग्रॅमची भर पडली तर डोळ्यांना काहीच कळत नाही. त्यामुळे ज्या शहरांची हवा बिघडलेली आहे तिथले लोक 'फरक पडला नाही' म्हणतात आणि दुर्गम उद्यानातला वनरक्षक म्हणतो की यंदा पलीकडची रांग दिसलीच नाही. दोघंही खरंच सांगत असतात.

८. ग्रँड कॅन्यनजवळच्या नवाहो वीज केंद्राचं प्रकरण नेमकं काय होतं?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

ॲरिझोनातल्या पेज गावाजवळ, नवाहो आदिवासींच्या जमिनीवर २,२५० मेगावॉटचं कोळशाचं वीज केंद्र होतं. ७५० मेगावॉटचे तीन संच आणि २३६ मीटर उंचीची तीन धुराडी. त्याच्या जन्माची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स-टूसॉनकडे उपसून न्यायला वीज हवी होती. त्यासाठी आधी ग्रँड कॅन्यनच्या परिसरात नदीवर धरणं बांधायचा बेत होता. निसर्गप्रेमींनी तो हाणून पाडला आणि त्याऐवजी हे कोळशाचं केंद्र आलं. दरी पाण्याखाली जायची वाचली, पण धुराखाली आली. त्यात खुद्द केंद्र सरकारच्या जलविभागाचा २४.३ टक्के वाटा होता. म्हणजे सरकारच्याच भागीदारीतल्या केंद्राचा धूर सरकारच्याच उद्यानावर जात होता.

थंडीत दरीत दिवसेंदिवस पांढुरकी हवा साचून राहायची. ती कोणाची, हे सिद्ध करायला १९८७ च्या हिवाळ्यात एक प्रयोग झाला. निसर्गात जवळजवळ न सापडणारा, जड हायड्रोजन असलेला मिथेन वायू केंद्राच्या धुरात सोडला आणि दरीत तो शोधला. तो सापडला. उद्यान सेवेने निष्कर्ष काढला की दरीतल्या हिवाळी सल्फेटचा मोठा भाग या केंद्राचा आहे. केंद्र चालवणाऱ्यांनी ते अमान्य केलं. मग राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९० साली निवाडा दिला: काही वेळा हे केंद्र दरीतल्या धूसरपणात लक्षणीय भर घालतं यात शंका नाही, पण नेमका वाटा किती, हे या माहितीवरून आकड्यात सांगता येत नाही.

मला या प्रकरणातला हाच टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. टक्केवारी पक्की नाही या सबबीवर फाईल बंद करता आली असती. ती झाली नाही. ईपीए, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, आधी ७० टक्के कपात सुचवली. पुढे पर्यावरण संघटना आणि केंद्राचे मालक एकत्र बसले आणि ९० टक्क्यांवर तडजोड झाली. मात्र मोजणी महिन्याच्या नव्हे तर वर्षाच्या सरासरीवर करायची. त्यामुळे यंत्रणा एखाद वेळी दुरुस्तीला बंद ठेवायची मोकळीक मालकांना मिळाली, खर्च आटोक्यात राहिला आणि दरीला जास्त स्वच्छ हवा मिळाली. सप्टेंबर १९९१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ग्रँड कॅन्यनला जाऊन हा करार जाहीर केला. १९९७ ते १९९९ दरम्यान तिन्ही संचांवर गंधक काढणारी यंत्रणा बसली.

केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये धुराडी पाडली. ते दृश्यमानतेच्या नियमाने बंद पाडलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मुख्य कारण ते नव्हतं. नैसर्गिक वायूपासूनची वीज स्वस्त झाली आणि कोळशाची वीज परवडेना.

९. कोणत्या कारखान्यावर बंधन येतं, हे कसं ठरतं?

१९९९ साली 'प्रादेशिक धूसरता नियम' आला. त्यातला पहिला मारा जुन्या, मोठ्या स्रोतांवर होता: ऑगस्ट १९६२ ते ऑगस्ट १९७७ या काळातले, ठरवून दिलेल्या २६ प्रकारांतले आणि वर्षाला २५० टन किंवा जास्त प्रदूषक सोडू शकणारे. औष्णिक केंद्रं, सिमेंटच्या भट्ट्या, तांब्याचे स्मेल्टर, कागद कारखाने वगैरे. १९७७ नंतरच्या नव्या कारखान्यांना परवानगीच्या वेळीच कडक अटी लागत होत्या. जुने मात्र सुटले होते. त्यांना गाठण्यासाठी ही तरतूद.

अशा प्रत्येक ठिकाणी राज्य सरकारने पाच गोष्टी तपासायच्या: खर्च किती, ऊर्जा आणि पाणी-कचरा यांवर परिणाम काय, आधी काय बसवलेलं आहे, कारखान्याचं आयुष्य किती उरलंय आणि दृश्यात सुधारणा किती होईल. त्यातून पळवाटाही निघतात आणि चांगले तोडगेही. ओरेगनमधल्या बोर्डमन केंद्राने महागडी यंत्रणा बसवण्याऐवजी २०२० मध्ये कोळसा बंद करायचं कबूल केलं आणि त्याप्रमाणे केलं. आयुष्यच थोडं उरलं तर खर्चाचं गणित बदलतं, ते असं.

१०. प्रत्यक्षात कारखान्यात बसवतात काय?

गंधकासाठी एफजीडी किंवा स्क्रबर: धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारतात, सल्फर डायऑक्साइड त्यात अडकतो आणि जिप्सम तयार होतं, जे सिमेंटला किंवा भिंतीच्या बोर्डांना चालतं. नायट्रोजन ऑक्साइड्ससाठी कमी तापमानाला जाळणारे बर्नर. त्याने भागत नसेल तर अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून त्यांचं पुन्हा साधं नायट्रोजन करतात. राखेसाठी विजेवर चालणारे राख-सापळे किंवा कापडी पिशव्या. यातलं काहीही नवीन नाही. दशकानुदशकं वापरात असलेलं तंत्र आहे.

११. वणव्यांचा धूर येतो, मग कारखान्यांना का दोष?

प्रश्न रास्त आहे. पश्चिम अमेरिकेत उन्हाळ्यातले सगळ्यात वाईट दिवस आता बहुतेक वणव्यांचेच असतात. पूर्वी नियमात 'सगळ्यात धूसर २० टक्के दिवस' मोजत. त्यामुळे एखाद्या राज्याने कारखाने कितीही सुधारले तरी एका मोठ्या वणव्याने आलेख वर जायचा. २०१७ साली पद्धत बदलली. आता मानवी कारणांनी सर्वाधिक बिघडलेले २० टक्के दिवस निवडतात. वणवे आणि धुळीच्या वादळांचे दिवस शक्यतो वेगळे काढले जातात. जोडीला सगळ्यात स्वच्छ २० टक्के दिवस अजिबात बिघडू द्यायचे नाहीत अशीही अट आहे. परदेशातून येणाऱ्या धुराचाही हिशेब लक्ष्याच्या रेषेत (प्रश्न १३) धरता येतो. शेजारच्या राज्याचा धूर मात्र धरायचा नसतो. त्या राज्याशी बोलून आराखडा करावा लागतो.

१२. डेथ व्हॅली या यादीत का नाही?

ते राष्ट्रीय उद्यान झालं १९९४ साली, आणि यादी १९७७ च्या तारखेला गोठली (प्रश्न ४). नेवाडातलं ग्रेट बेसिन १९८६ चं, म्हणून तेही बाहेर. राज्यं आणि आदिवासी राष्ट्रं आपापली जमीन स्वतःहून वर्ग एकमध्ये आणू शकतात. मोंटानातल्या नॉर्दर्न शायेन लोकांनी १९७७ सालीच ते केलं. पण त्याने नव्या कारखान्यांवरच्या अटी कडक होतात. १५६ जागांसाठीचा प्रादेशिक धूसरता नियम त्यांना लागू होत नाही. ही उणीव कायद्यातलीच आहे आणि ती भरून काढायला हवी, असं माझं मत आहे.

१३. उद्यानांची हवा नैसर्गिक स्थितीला आणायच्या उद्दिष्टाचं वर्ष २०६४! इतका उशीर का?

नैसर्गिक स्थितीकडे जाणारी साठ वर्षांची वाट आखली आहे आणि साधारण दर दहा वर्षांनी राज्यांनी नवा आराखडा द्यायचा आहे. २०६४ हे पाळलंच पाहिजे असं बंधन नव्हे; प्रगती मोजायची रेषा त्या वर्षापर्यंत ओढली आहे एवढंच. आणि नैसर्गिक स्थिती म्हणजे शून्य डेसिव्ह्यू नव्हे. झाडं स्वतः वायू सोडतात, त्यांचेही कण बनतात. दक्षिणेकडच्या दाट जंगलांवर दिसणारी निळसर झाक बरीचशी त्यांचीच. ती काढायची नाही. काढायचा आहे तो सल्फेटचा पांढरा थर.

१४. इतक्या खटाटोपाने फरक पडला का?

पडला. ईपीएच्या आकड्यांनुसार २००० ते २०१५ या काळात पश्चिमेकडच्या काही उद्यानांत सरासरी नजर ९० मैलांवरून १२० मैलांवर गेली, पूर्वेकडच्या काही उद्यानांत ५० वरून ७० मैलांवर. याचं सगळं श्रेय एका नियमाला देऊ नये. आम्लवर्षा रोखण्यासाठीचे १९९० चे नियम, नॉर्थ कॅरोलायनाचा २००२ चा धुराड्यांचा कायदा, वाहनांच्या इंधनातलं कमी झालेलं गंधक आणि स्वस्त वायू, हे सगळं त्यात आहे.

१५. केंद्रं बंद झाली त्या गावांतल्या नोकऱ्यांचं काय?

गेल्या. नवाहो केंद्र आणि त्याला कोळसा पुरवणारी कायेंटा खाण बंद झाल्यावर नवाहो आणि होपी लोकांचं मोठं उत्पन्न थांबलं. होपी सरकारच्या तिजोरीत तर कोळशाचा वाटा फार मोठा होता. ज्यांच्या जमिनीवर धुराडी उभी राहिली, त्यांच्यातल्या अनेक घरांत वीज नव्हती आणि शेवटी रोजगारही त्यांचाच गेला. बंद करायची तारीख ठरवताना त्या भागाच्या पुढच्या उत्पन्नाची सोयही लिहून घ्यावी. वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट्रेलिया केंद्राबाबत २०११ च्या करारात कामगारांसाठी आणि गावासाठी निधी ठेवला होता. ते जमू शकतं.

१६. सध्या हा नियम लागू आहे का?

कायद्यातलं उद्दिष्ट जागेवर आहे. पण मार्च २०२५ मध्ये ईपीएने या कार्यक्रमाची फेररचना करण्याचं जाहीर केलं. तेव्हा एखाद्या राज्याच्या आराखड्याबद्दल लिहिताना तारीख बघून लिहा.

१७. भारतात असं काही आहे का? ताडोबाच्या हवेचं रक्षण कोण करतं?

दृश्यमानतेचा निकष भारतात नाही. जवळचं म्हणावं असं एकच: २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी वेगळे आकडे आहेत. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा इतरत्र ५० मायक्रोग्रॅम, तर तिथे २०. नायट्रोजन डायऑक्साइडची ४० ऐवजी ३०. सूक्ष्म कणांची मर्यादा मात्र सगळीकडे सारखीच, आणि दृश्य तर कणच खातात (प्रश्न ७).

ताडोबाच्या दक्षिणेला चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, भोवती उघड्या कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या अधिसूचनेनुसार एफजीडीची सक्ती ठरते ती मोठी शहरं, गंभीर प्रदूषित क्षेत्रं आणि हवेचे निकष न पाळणारी शहरं दहा किलोमीटरच्या आत आहेत का, यावरून. व्याघ्र प्रकल्प किती जवळ आहे, याला त्यात जागाच नाही. चंद्रपूर शहराची हवा खराब आहे म्हणून या केंद्राचा विचार तरी होतो. जंगल शेजारी आहे म्हणून झाला नसता.

१८. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे. मग एफजीडी कशाला?

नवाहो केंद्राचा कोळसाही कमी गंधकाचाच होता, तरी ९० टक्के कपात लागली. टक्का कमी असला तरी जळणारे टन प्रचंड असतात. आणि महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. चिकूच्या बागा वाचवायच्या होत्या. प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही आणि ५०० मेगावॉटच्या केंद्रावर समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी बसली.

१९. आम्ही ग्रँड कॅन्यनला जाणार आहोत. स्वच्छ कधी दिसेल?

सर्वसाधारणपणे हिवाळ्यात, पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यानंतरच्या दिवशी. उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियाकडची हवा आणि वणव्यांचा धूर येतो. निघण्याआधी राष्ट्रीय उद्यान सेवेचे वेबकॅम बघा.

२०. आमच्या भागातली दृश्यमानता आम्हाला नोंदवायची आहे. कशी नोंदवू?

विमानतळाच्या नोंदींवर विसंबू नका. त्यांच्या नेहमीच्या अहवालात दहा किलोमीटरच्या पुढचं सगळं एकाच आकड्यात येतं. एक पक्की जागा ठरवा, जिथून पाच, पंधरा आणि तीस किलोमीटरवरच्या झाडीने काळपट दिसणाऱ्या टेकड्या क्षितिजावर येतात. नकाशावर अंतरं मोजून ठेवा. दुपारी ठरलेल्या वेळी, झूम न बदलता, रोज एक फोटो घ्या. आपोआप रंग सुधारणारी सोय बंद ठेवा. सोबत तारीख, आर्द्रता, आणि कोणती टेकडी दिसली, कोणती नाही, एवढं लिहा. पाऊस आणि सकाळच्या धुक्याचे दिवस वेगळे काढा. परिसरात नव्या प्रकल्पाची किंवा विस्ताराची जनसुनावणी लागली की प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान तीस दिवस आधी सूचना देतं. त्या मुदतीत हे फोटो आणि नोंदी लेखी हरकतीला जोडून द्या आणि पोच घ्या. सुनावणीत तोंडी मांडलेलं इतिवृत्तात नीट उतरलं का, तेही तिथेच वाचून बघा.